ट्रायलमधली शेवटची जागा

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या हॉस्पिटलात नियमबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. उलट मनातून बरंच वाटत असावं, असा माझा संशय आहे. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे तेव्हा आधीच सांगून टाकते, की मला तिचा राग आहे. राग गिळून गोड गोड लिहायला आता माझ्याकडे ना वेळ आहे, ना तेवढा श्वास.

आई आमची लवकर गेली. धाकटीची वेणी घालण्यापासून ते तिच्याकडून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात पडलं. लहानपणीही ती अशीच. लपाछपीत तिच्यावर राज्य आलं की ही खरोखर डोळे घट्ट मिटून शंभरपर्यंत आकडे म्हणायची. बाकीची पोरं बोटांच्या फटीतून बघायची आणि जिंकायची. ही हरायची, रडायची आणि पुन्हा तशीच डोळे मिटून उभी राहायची. वडील कपाळाला हात लावून म्हणायचे, "हिचं जगात कसं व्हायचं?" वडिलांची काळजी फुकट गेली. जगात तिचं छान झालं.

माझं आयुष्य बस डेपोच्या खिडकीत गेलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण माझ्याकडे. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून जगभरच्या अडचणी आत यायच्या. कोणाची सून बाळंत, कोणाचा मुलाखतीचा दिवस, कोणाच्या घरी मयत. गाडी कितीही भरली तरी आम्ही खिडकीवाले एकदोन जागा हाताशी ठेवत असू. कोणी तसं शिकवलेलं नव्हतं. नवा माणूस आला की आठवड्याभरात आपोआप शिकायचा. ओळखीचं कोणी आलं, किंवा काचेपलीकडे कोणाचा चेहराच बघवला नाही, की ती जागा निघायची. मला त्यात आजही काही गैर वाटत नाही. सगळं जग असंच चालतं आणि ज्यांना ते कबूल नसतं तेही अडीनडीला खिडकीशी येऊन हळूच विचारतात, "बघा ना बाई, एखादी असेल."

धाकटी कॉलेजला परगावी होती. दर शनिवारी घरी यायची आणि सोमवारी जायची, आणि दर सोमवारी खिडकीजवळची सीट तिच्यासाठी राखलेली असायची. तीन वर्षं ती त्या सीटवर ऐसपैस बसून गेली. तेव्हा नियमबाईंनी एकदाही विचारलं नाही, की ताई, ही जागा रिकामी कशी राहिली.

शिकून ती हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. आवाज चांगला, डोकं थंड. मग कॅन्सर विभागाच्या एका डॉक्टरांनी तिला हेरलं. त्यांना म्हणे खोटं न बोलणारं माणूस हवं होतं. हे डॉक्टर उंच, वाकलेले, सदा घाईत. घरात आम्ही त्यांना जिराफ म्हणतो. जिराफांनी त्यांचं हॉस्पिटल एका नेटवर्कमध्ये घातलं आणि धाकटीला ट्रायलची, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीची, को-ऑर्डिनेटर केलं.

हे नेटवर्क म्हणजे काय, ते तिने मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. कॅन्सरचं नवं औषध खरंच चालतं का, हे ठरवायला पुष्कळ पेशंट लागतात. तेही एकाच जातीच्या कॅन्सरचे, एकाच टप्प्यावरचे. एका हॉस्पिटलात तसे मिळून मिळणार किती? चार किंवा पाच. म्हणून पंधरा-वीस हॉस्पिटलं एकत्र येतात, सगळीकडे एकच औषध, एकच नियम, एकच तपासण्या, आणि सगळी माहिती एका मुख्य ऑफिसात जमा होते. पूर्वी असलं औषध हवं तर माणसाने राजधानी गाठायची, तिथे खोली घेऊन राहायचं. आता औषधच आपल्या गावात येतं. गोष्ट चांगली आहे. मी रागात असले तरी आंधळी नाही.

पण मी डेपोतली बाई. मी विचारलं, "जागा कशा वाटतात?" ती म्हणाली, वाटत नाहीत. ट्रायलच्या जागा ठरलेल्या, आणि त्या सगळ्या हॉस्पिटलांत मिळून. ज्याचा पेशंट आधी सगळ्या तपासण्यांतून पार होईल आणि ज्याचे कागद आधी पूर्ण पोचतील, त्याला जागा. एखाद्यासाठी जागा धरून ठेवणं चालत नाही. म्हणजे ताट एकच, जेवायला सगळे, आणि जो सावकाश खातो तो उपाशी उठणार. ह्याला त्यांच्यात सहकार्य म्हणतात.

आणि आमची धाकटी सावकाश खाणारी. दुसरीकडचे को-ऑर्डिनेटर पेशंटला म्हणायचे, "नवीन औषध आलंय, नशीबवान आहात, सही करा." ही आधी समोर बसवून सांगायची, की ह्याचा तुम्हाला उपयोग होईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो, आणि नको म्हणालात तरी तुमच्या इथल्या उपचारात काही कमी पडणार नाही. एवढ्यावर थांबली तर नियमबाई कसली? मग ती म्हणायची, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा." ज्याला सांगता यायचं नाही त्याला ती पुन्हा सगळं समजावायची. निम्मे लोक पहिल्या फेरीतच उठून जायचे. दर आठवड्याला स्क्रीनवर सगळ्या हॉस्पिटलांची मीटिंग व्हायची, एकेका चौकटीत एकेक डोकं, आणि मुख्य ऑफिसचा माणूस कोणी किती पेशंट दिले ते वाचून दाखवायचा. हिच्या हॉस्पिटलाचं नाव नेहमी तळाला. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या बाई लोकांना औषध सांगतात की घाबरवतात?" त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि माझी सगळी भांडी घासून गेली. तिचं रडणं भांड्यांवर निघतं.

शेवटी निरोप आला. ह्या ट्रायलमध्ये आणखी एक तरी पेशंट दिला नाही, तर हॉस्पिटल नेटवर्कमधून बाहेर. म्हणजे पुढची औषधंही गावात येणार नाहीत, पुन्हा राजधानीच्या वाऱ्या.

नेमक्या त्याच सुमाराला मी आजारी पडले. तशी आधीपासूनच होते; फुफ्फुसाचा कॅन्सर, वर्षभर गोळ्यांनी दबून होता. मग गोळ्या चालेनाशा झाल्या. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं. आणि योग बघा, धाकटीच्या हातात जी ट्रायल होती ती बरोबर ह्याच कॅन्सरची, ह्याच टप्प्याची. मी मनात म्हटलं, चला, आयुष्यभर लोकांना जागा दिल्या, आता देव परतफेड करतोय.

मी तिला म्हटलं, "मग कधी येऊ सही करायला?"

"माझ्याकडे नाही येता येणार," ती म्हणाली. "मी तुझी बहीण आहे. कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाचं काम त्याच कर्मचाऱ्याने बघायचं नसतं, आणि इथे ट्रायल बघणारी मी एकटीच. शेजारच्या शहरातलं हॉस्पिटल पण नेटवर्कमध्ये आहे. तिथे जा. औषध तेच, नियम तेच."

बसने दोन तास. जाताना तीनदा खोकल्याची उबळ आली, शेजारच्या माणसाने जागा बदलली. तिथला को-ऑर्डिनेटर गोडबोल्या होता, प्रत्येक वाक्याला "काळजीच करू नका मावशी" म्हणायचा. त्याने माझं स्कॅन केलं, हृदय तपासलं, रक्त काढलं. सगळं नियमात बसलं, एक सोडून. आदल्या आठवड्यात मला ताप येऊन गेला होता, त्यामुळे लिव्हरचा आकडा हवा त्यापेक्षा किंचित वर होता. "उतरेल मावशी, काळजीच करू नका. गुरुवारी पुन्हा रक्त देऊ. नियमात एकदा पुन्हा तपासायची मुभा आहे." हे झालं सोमवारी. ट्रायलमध्ये तेव्हा तीन जागा उरल्या होत्या.

मंगळवारी सकाळी राजधानीतल्या मोठ्या हॉस्पिटलाने त्यातल्या दोन उचलल्या; गोडबोल्याने फोनवर सांगितलं.

त्याच मंगळवारी मी छातीतलं पाणी काढायला धाकटीच्या हॉस्पिटलात गेले होते. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. मिशा अशा, की आधी मिशा यायच्या आणि मागून म्हातारा. त्याने काही न विचारताच मला सगळं सांगायला सुरुवात केली. "ही आतली बाई आहे ना, बारीकशी, ती हात धुऊन मागे लागलीय. नवीन औषध घ्या म्हणते. आणि वर म्हणते घेतलंच पाहिजे असं नाही. अरे मग बोलावता कशाला? मुलीने आणलं म्हणून आलो. मला तर सुयांचा वैताग आलाय." मी विचारलं, कसला आजार? त्याने छातीवर थाप मारली. "तुमचाच असेल, खोकताय म्हणून म्हणतो." आणि खो खो हसला.

आतून धाकटीने त्याला हाक मारली. माझ्याकडे तिने पाहिलं, पण ओळख दिली नाही. कामावर ती कोणालाच ओळख देत नाही. दार नीट लागलं नव्हतं. "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा," हे मला बाहेर ऐकू आलं, आणि त्यावर त्या म्हाताऱ्याचं "अहो बाई, तुम्ही म्हणाल तिथे अंगठा देतो, पण पुन्हा शाळेत बसवू नका."

तिथे बाकावर बसल्या बसल्या मला कळलं, की जागा एक आहे आणि दोघं आहोत. तिलाही कळलेलंच असणार. मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. कारण म्हाताऱ्याचे कागद तिच्या हातात होते आणि ती माझी बहीण होती.

बुधवारी संध्याकाळी ती आली. चपला काढल्या, हात धुतले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पेशंटला वाईट बातमी सांगताना बसते तशी, गुडघ्याला गुडघा लावून.

"ताई, ट्रायल भरली."

"कोणी भरली?"

"आमच्या हॉस्पिटलाने. दुपारी त्या पेशंटचा शेवटचा रिपोर्ट आला. सगळं पूर्ण होतं. मी पाठवलं."

मी तिला नाव विचारलं नाही, तिने सांगितलंही नसतं. मिशा माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

"उद्या माझं रक्त होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"एक दिवस. एक दिवस ते कागद तुझ्या टेबलावर राहिले असते तर?"

"राहू शकले असते."

"कोणी विचारलं असतं?"

"नाही. कोणीच विचारलं नसतं."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मशीन बंद होतं, जिराफ मागे उभे होते, वरून फोन आला, काहीही. मला धरायला एक काडी तरी मिळाली असती. पण ती नियमबाई. मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. काही शब्द डेपोतल्या ड्रायव्हरांकडून शिकलेले होते. म्हटलं, तुझ्या कॉलेजच्या तीन वर्षांत दर सोमवारी जी सीट मिळत होती, ती काय आभाळातून पडत होती? तेव्हा कुठे गेले होते तुझे नियम? माझ्या हातची राखलेली जागा चालली, आणि मला राखायची वेळ आली तेव्हा तुझे हात बांधले?

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्या सीटपायी कोण उभं राहून गेलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही गं. आता हा माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याची मुलगी बाहेर उभी होती. मी त्याला सांगितलं होतं की शेवटचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी पाठवीन."

"तो तुझ्यापुढे बसला होता आणि मी कुठे बसले होते? मी बाकावरच होते की!"

बोलता बोलता मला आणखी एक दिसलं, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं. म्हटलं, "माझ्या जागी कोणी परकी बाई असती, तर तू एक दिवस थांबली असतीस. दया केली असतीस. माझ्याच वेळी तुला न्याय सुचला, कारण मी तुझी आहे. मला जागा मिळाली असती तर लोक म्हणाले असते, नियमबाईने बहिणीला घुसवलं. ते तुला सोसलं नसतं."

ती पांढरीफटक पडली. मग एवढंच म्हणाली, "असेल." आणि उठून माझी भांडी घासायला गेली. भांडी स्वच्छच होती.

गुरुवारी मी तरीही शेजारच्या शहरात गेले. का गेले, मला विचारू नका. रक्त दिलं. संध्याकाळी गोडबोल्याचा फोन आला. लिव्हरचा आकडा उतरला होता, अगदी हवा तसा. "रिपोर्ट उत्तम आहे मावशी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मुख्य ऑफिसच्या माणसाने सगळ्यांचं अभिनंदन केलं. ट्रायल वेळेआधी भरली, हे सहकार्याचं यश आहे असं काहीतरी म्हणाला. धाकटीच्या हॉस्पिटलाचं नाव त्याने मुद्दाम घेतलं. ते आता नेटवर्कमध्ये राहणार होतं. जिराफांनी विभागात केक आणला. हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. धाकटीने केक खाल्ला का, ते मी विचारलं नाही. गाव वाचलं ही गोष्ट खरी आहे. पुढच्या वर्षी कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ त्या दारातून आत जाईल आणि बरा होईल, आणि त्याला माझं नावही माहीत नसेल. लोकांनी हे मला पुष्कळदा समजावलं आहे. ज्यांनी समजावलं त्यांचे सगळ्यांचे श्वास चांगले चालतात.

मला जुन्या पद्धतीचं केमोचं सलाईन सुरू झालं. केस गेले, तोंड आलं. धाकटी रोज कामावरून परस्पर माझ्याकडे यायची. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात दुसरं माणूस नाही. ती पेज करायची, चादर बदलायची, पाठ चोळायची. मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. खिडकी लाव. तीही मला नर्सशी बोलावं तसंच बोलू देत होती.

एका संध्याकाळी ती माझे पाय दाबत असताना तिचा फोन वाजला. हॉस्पिटलचा फोन तिला कायम जवळ ठेवावा लागतो. पलीकडचा आवाज एवढा दांडगा की मला गादीवरून ऐकू येत होता. मिशा.

"बाई, मी काही येणार नाही आता. एक डोस घेतला तेवढा बास. दोन दिवस नुसत्या उलट्या. आणि ते दर आठवड्याला रक्त. आमच्या मुलीला सांगा, मला छळू नको म्हणून."

धाकटीचा हात माझ्या पायावर थांबला. तिचा आवाज मात्र जसाच्या तसा राहिला, ऑपरेटरचा. "उलट्यांवर औषध देता येईल. डॉक्टरांशी एकदा बोलून बघता का?"

"नको नको. सोडलं म्हणजे सोडलं. तुम्हीच म्हणाला होता ना, कधीही सोडता येतं?"

"हो," ती म्हणाली. "कधीही सोडता येतं. कारणही सांगायची गरज नाही. तो तुमचा हक्क आहे. तुमच्या इथल्या उपचारात काही कमी पडणार नाही."

"मग झालं तर," म्हातारा म्हणाला. आवाजात सुटका होती. फोन ठेवला त्याने.

मी विचारलं, "ती जागा आता रिकामी झाली?"

"नाही," ती म्हणाली. "एकदा पहिला डोस घेतला की जागा भरलीच असं धरतात. त्याच्या बदली दुसरा घेत नाहीत."

"त्याला सांगितलं का नाहीस, त्या जागेसाठी मागे कोण थांबलं होतं?"

"तसं सांगायचं नसतं, ताई. माणसावर दडपण येतं."

मला हसू आलं. हसण्याने खोकला आला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि ती धावत पाण्याचा पेला घेऊन आली. मी तिचा हात झटकला. पेला पडून फुटला. म्हटलं, "माझ्यावर दडपण आलेलं चालतं तुला. ऊठ. चालती हो. उद्यापासून माझ्याकडे पाऊल टाकू नकोस. मी मेले तरी येऊ नकोस."

तिने जमीन पुसली. काचा वेचल्या. रात्रीच्या गोळ्या काढून बशीत ठेवल्या, दिवा मंद केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दारावर थाप पडली. मी पडूनच होते. दुसरी थाप पडली. मला माहीत होतं की ती तिसरी मारणार नाही. मी सांगितलंय येऊ नकोस, म्हणून ती थोडा वेळ उभी राहील आणि परत जाईल, आणि उद्या पुन्हा येईल, आणि पुन्हा परत जाईल. भिंतीला धरत धरत मी दारापर्यंत गेले, दम घेतला आणि कडी काढली. ती पिशवी घेऊन उभी होती. मी तिला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण दुसरं कोणी येणारं नव्हतं.